आठ बूस्टरचं रॉकेट

पहार डांबरावर आपटते तेव्हा पहिला आवाज कोरडा येतो. खण्. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला तो मऊ होतो आणि मग खालच्या ओल्या खडीचा वास सुटतो. आमच्या गल्लीत भाद्रपद असा येतो. ढोलांवरून कळत नाही, कारण सिंहगड रोडला ढोलांचा सराव आषाढापासून चालू असतो आणि कान तोवर मेलेले असतात. खड्ड्यांवरून कळतं. उन्हाळाभर अर्ज करकरून मिळवलेला रस्ता असतो, त्याला अजून टायरची नीट सवय झालेली नसते, आणि त्यात बांबू रोवायला भोकं पडतात. मग ट्रकमधून बांबू उतरतात. ओला बांबू, सुतळी, प्लायवूडला लावलेला फेव्हिकॉल, कनातींना मागच्या वर्षीपासून चिकटून राहिलेला कुबट वास. पुष्कळ लोकांना या वासांनी भरून येतं. मला चीड येते.

हे पुण्यात राहून लिहू नये, असं मला तीन वेगवेगळ्या लोकांनी प्रेमाने सांगितलंय. म्हणून लिहिते. गणपतीशी माझं भांडण नाही. आमच्या घरी दीड दिवसाचा बसतो, शाडूचा, कोपऱ्यातल्या स्टुलावर. तो कुणाचा रस्ता अडवत नाही. भांडण स्टुलाबाहेर सुरू होतं.

आमची गल्ली धायरी हे गाव होतं तेव्हाची. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरावं, एवढी रुंद. बैल गेले, दोन्ही बाजूंना चार-चार मजले आले, रुंदी तीच राहिली. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला भिंत, आणि भिंतीला लागून आमचं घर. आत यायला आणि बाहेर जायला वाट एकच. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं सगळं सोपं आहे.

घरात मी, आई-बाबा आणि मंदाआत्या, बाबांची थोरली बहीण. आत्याची नोकरी स्वारगेटला, बसच्या पासच्या खिडकीत. निवृत्त होईपर्यंत तिने अर्ध्या पुण्याला रांगेत उभं केलं. "फोटो कुठाय", "सुट्टे आणा", "उद्या या". चौथं वाक्य बोलली तर रांगेतल्या लोकांना वाटायचं, आज बाईंची तब्येत बरी आहे. आता तब्येत खरंच बरी नाही. मूत्रपिंडं थांबली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सलीमभाईंची रिक्षा दारात येते, आत्या दोन पायऱ्या उतरते, बसते, जाते. चार तास रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घातलेली आत्या संध्याकाळी येते ती ओल्या टॉवेलसारखी. तिला दारातच उतरावं लागतं. गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत चालणं तिला जमत नाही. बास. एवढीच मागणी आहे आमची जगाकडे. एक रिक्षा, दारापर्यंत.

आणि याच गल्लीत एका वर्षी रॉकेट उभं राहिलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात मंडळाच्या खोलीत सगळ्यांनी मिळून टीव्हीवर एक उड्डाण पाहिलं होतं. इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट. धूर, पांढरा लोळ, टाळ्या. अध्यक्ष सुभाषनाना, वाळू-सिमेंटचा धंदा, गळ्यात दोन साखळ्या, यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. नानांचे सगळे अश्रू खरे असतात, तिथेच अडचण आहे. नाना म्हणाले, यंदा देखावा हाच. माझा शाळेतला वर्गमित्र ऋषी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झाला होता. तो माझ्याकडे आला. "तू मोर्च्यांची पत्रकं लिहितेस ना? माहितीफलक लिही. तुला त्यातलं कळतं."

कळत होतं. मी फिजिक्सवाली, आणि मला ते रॉकेट मनापासून आवडायचं. अजून आवडतं. मोठं नाही, फार छोटंही नाही. मधल्या ताकदीचं. चार टप्पे एकावर एक, घन इंधन, द्रव, पुन्हा घन, पुन्हा द्रव. कामाचा गडी. पण माझा जीव जडला तो त्याच्या वेगवेगळ्या अवतारांवर. मी एका जुन्या पत्रकाच्या पाठीवर ते ओळीने काढले. पहिलं नुसतंच, मधला खांब तेवढा, कडेला काही नाही. मग कमरेला दोन बूस्टर, म्हणजे जादा जोर द्यायला छोटी रॉकेटं, बांधलेलं. मग चार. मग सहा. मग तेच सहा, पण लांबीने वाढलेले. पाच रॉकेटं शेजारी-शेजारी, एकाच आईची पोरं वाटावीत अशी. बनवणाऱ्यांनी आधी विचारलेलं असतं, वर काय न्यायचंय आणि कुठवर. उपग्रह हलका असेल तर बूस्टर लागतच नाहीत. नुसतं जातं, आणि काम करून येतं, म्हणजे येत नाही, पण काम करतं. जेवढं ओझं तेवढेच बूस्टर. एकही जास्त नाही. मला वाटायचं, असा देश असावा. असा मोर्चा असावा. निदान अशी एखादी मीटिंग असावी.

मीटिंग अशी झाली.

"सहा बूस्टर," मी चित्र दाखवलं. "किंवा काहीच नाही. दोन्ही खरे प्रकार आहेत."

नानांनी चष्मा लावून चित्र पाहिलं. "आठ पाहिजेत."

"आठचं रॉकेट नाहीये, नाना."

"स्पॉन्सर आठ हायेत."

मला आधी कळलंच नाही. मग ऋषीने खाली बघत समजावलं. एका बूस्टरवर एक नाव. वरून खाली, मोठ्या अक्षरांत. ज्वेलर्स, दूध डेअरी, क्लासेस, दोन बिल्डर, एक इच्छुक, इच्छुकाचा भाऊ आणि नानांचं स्वतःचं दुकान.

"म्हणजे सातवा आणि आठवा..."

"मॅडम," नाना शांतपणे म्हणाले, "तुमच्या पुस्तकात नसंल. आपल्या गल्लीत हाय."

हसले सगळे. मीही हसले असते, पण मी मनात माप घेत होते. मधला खांब गणपतीच्या मागे उभा, त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार पिंपं. मंडप डाव्या भिंतीला टेकणार, आणि उजवीकडे उरणार ती जागा मोटारसायकलची. रिक्षाची नाही. मी ते बोलले. म्हणाले, नुसतं मधलं रॉकेट उभं करा, बिनबूस्टरचं. तेही शंभर टक्के खरं आहे, मी फलकावर तसं लिहीन. जागा राहते, आत्याची रिक्षा जाते, आणि देखावा चुकतही नाही. मला खरंच वाटलं होतं की मी तोडगा काढला. विज्ञान आपल्या बाजूने आहे, आता कोण अडवणार, असं वाटायचं वय होतं.

नाना म्हणाले, "बोडकं रॉकेट? गणपतीसमोर?"

चर्चा संपली.

मग तो मोसम उलगडत गेला. दुपारभर वेल्डिंगच्या निळ्या ठिणग्या. पांढऱ्या ऑइलपेंटचा वास चपातीला लागायचा. प्लायची पिंपं वळवताना होणारा करकर आवाज, आणि त्यावर पेंटर एका हाताने बिस्किट खात दुसऱ्याने 'शुभेच्छुक' लिहीत असलेला. मी फलकाचा मजकूर लिहून दिला. त्यात एक गोष्ट मला फार प्रिय होती. खऱ्या रॉकेटचे सहाही बूस्टर एकदम पेटत नाहीत. चार जमिनीवर पेटतात आणि उरलेले दोन वर गेल्यावर, हवेत. कसलं सुंदर आहे ते. दोघं मागे थांबतात, आपली पाळी येईपर्यंत नुसतं ओझं म्हणून जातात, आणि मग पेटतात. मी दिवे लावणाऱ्याला सांगितलं, दोन बूस्टरचे लाल दिवे थोडे उशिरा लाव. त्याने लावले. पहिल्याच दिवशी डेअरीवाले आणि क्लासवाले सर मंडपात हजर. आमचे उशिरा का पेटतात? आम्ही कमी दिलेत का? ज्वेलर्सचे आधी आणि आमचे मागून, याचा अर्थ काय समजायचा? दुसऱ्या दिवसापासून आठही एकदम पेटू लागले.

माझ्या फलकावरचं ते वाक्यही पांढऱ्या रंगाने पुसलं. वर नानांचा फोटो आला.

संध्याकाळी शो. ऋषीच्या आवाजात उलटी मोजणी, दहा, नऊ, आठ, मग मशीनचा गोडसर धूर, खालून लाल उजेड, आणि चेनपुलीवर अख्खं रॉकेट तीनेक फूट वर. टाळ्या. मग करकरत खाली. मग पुढची रांग आत. दहा मिनिटांनी पुन्हा दहा, नऊ, आठ. मी खिडकीत बसून बघायचे. दूरदूरून लोक यायचे, वाघोलीहून दोन बस बदलून आलेली कुटुंबं, खांद्यावर पोरं. पोरांचे चेहरे बघून माझा राग थोडा ढिला पडायचा, हेही सांगते. मग शेजारच्या खोलीतून आत्याचा आवाज यायचा. "पोचलं का गं कुठं?"

आता खुर्ची.

रिक्षा आत येत नाही म्हटल्यावर मंडळाने तोडगा काढला. तोडगा म्हणजे पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणि चार कार्यकर्ते. डायलिसिसच्या दिवशी सकाळी पोरं यायची, आत्याला खुर्चीत बसवायची, उचलायची आणि मंडपाच्या कडेच्या फटीतून, केबल्स ओलांडत, मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायची. संध्याकाळी परत. हसत, प्रेमाने. मी खोटं का बोलू, प्रेमानेच.

"बसा आत्या. घट्ट धरा. सोडतोय रॉकेट."

"खाली बघून चाला," आत्या म्हणायची. "वर काय बघताय, ते कुठं जात नाहीये."

लहानपणी याच पोरांनी तिच्याकडून बसचे पास काढले होते, 'सुट्टे आणा' ऐकलं होतं. आता ती त्यांच्या खांद्यावर. गल्लीतल्या बायका दारात येऊन म्हणायच्या, बघा, आजकाल कोण करतं एवढं. आईही म्हणायची. आणि मी दात खात उभी राहायचे, कारण मला दिसत होतं ते कुणालाच दिसत नव्हतं, किंवा दिसून चालत नव्हतं. आधी रस्ता घ्यायचा. मग उचलून न्यायचं. मग उपकार मानून घ्यायचे. रस्ता दिला असता तर उपकाराला जागाच राहिली नसती.

त्या आठवड्यात मी पत्रक काढलं. ओळ अजून पाठ आहे: 'आम्हाला खांदा नको, आमचा रस्ता द्या.' गल्लीत घरोघर टाकलं. महापालिकेत तक्रारही केली, उत्तर आलं नाही. पत्रकाला मात्र आलं. कुणीतरी ते सातव्या बूस्टरच्या फटीत, वारा येऊ नये म्हणून, घडी करून खोचलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी परत येताना, आरतीची गर्दी, धूर सोडलेला, केबल दिसली नाही. पुढचा पोरगा अडखळला. खुर्ची कलली. आत्या पडली नाही, पोरांनी धरली, पण तिचा डावा हात बांबूवर आपटला. डावाच. डायलिसिसवाल्यांच्या हातात शस्त्रक्रिया करून एक शीर तयार केलेली असते, त्यातूनच रक्त काढतात, घालतात. त्या हाताने पिशवीसुद्धा उचलायची नसते. त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नसतं. तो हात म्हणजे तिचं येणं-जाणं. आत्या हात पोटाशी धरून बसली, आणि वर, आमच्या डोक्यावर, स्पीकरमधून ऋषी मोजत होता, सात, सहा, पाच.

सकाळपर्यंत हात सुजून कोपरापर्यंत निळा. शीर बंद पडली. मानेतून नळी घातली, पुढचे काही महिने तीच.

त्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. आत्या खुर्चीत, चार पोरं हसतायत, मागे आठ बूस्टर. वर अक्षरं: 'उत्सवातून सामाजिक बांधिलकी'. फोटो आदल्या आठवड्यातला होता, आधीच छापायला गेला होता, मुद्दाम कुणी केलं नव्हतं. आमच्याकडे मुद्दाम कुणीच काही करत नाही. मंडळाला त्या वर्षी बक्षीसही मिळालं. नाना पेढे घेऊन घरी आले, आत्याच्या पायाशी बसले, आणि रडले. आत्याने पेढा घेतला नाही. डायलिसिसला चालत नाही, एवढंच म्हणाली.

खऱ्या रॉकेटचा बूस्टर काम झालं की सुटतो. जळून जातो तेवढा जातो आणि उरलेलं रिकामं नळकांडं समुद्रात पडतं. रॉकेट हलकं होतं, म्हणून पुढे जातं. किती साधी गोष्ट आहे. आमचं काही सुटत नाही. विसर्जन झालं, गणपती गेले, रॉकेट नवरात्रापर्यंत उभं. फ्लेक्स दिवाळीपर्यंत. खड्डे शिमग्यापर्यंत. बूस्टरवरचा तो इच्छुक पुढे निवडून आला, आणि त्याचं पिंप परवापर्यंत नानांच्या गोडाऊनशेजारी रिकाम्या गोण्या भरायला वापरत होते. वर नेण्यासारखं काही नसलं की बूस्टरच उरतात.

आत्याचा डावा हात आता नुसता हात आहे. भाजी निवडते त्याने. नवी शीर उजव्या हातात केलीय. डॉक्टर म्हणाले, हा जपा. आत्या म्हणाली, "जपते. तिसरा नाहीये."

मधल्या वर्षांत देखावे लहान होते, रिक्षा कशीबशी जायची. यंदाची मीटिंग गेल्या रविवारी झाली. मी गेले. ऋषी भेटला, केस विरळ झालेत, दोन मुली आहेत, माझ्या नजरेला नजर देत नाही पण खुर्ची पुढे करतो. मी बसले नाही. नानांनी खिशातून फोटो काढला. पुन्हा रॉकेट. या वेळी मोठं, सगळ्यात ताकदवान, कडेला दोन जाडजूड बूस्टर असलेलं.

"आता बघा, दोनच," नाना मला म्हणाले. "तुमचंच ऐकलं."

"ते दोन त्या आठांपेक्षा रुंद आहेत."

"मॅडम, आठ झाले की आठ का म्हणता, दोन झाले की रुंद म्हणता. तुमचं समाधान करायचं तरी कसं?"

"वर काय न्यायचंय, ते आधी ठरवा."

"म्हणजे?"

"आत्याची रिक्षा जायला हवी. ते ओझं. आधी ती जागा सोडा, मग उरलेल्यात काय मावेल ते रॉकेट उभं करा. बिनबूस्टरचं मावेल. मी मागेही सांगितलं होतं."

खोलीत कुणी हसलं नाही या वेळी. ऋषी फरशीकडे बघत होता. नाना म्हणाले, आत्यांची व्यवस्था करू, आता व्हीलचेअर घेऊ, चांगली, उशीवाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी येऊ लागलं तशी मी निघाले. पत्रक लिहायचं म्हणून घरी आले. पहिली ओळ सुचेना. आत्या खाटेवरून बघत होती.

"काय म्हणाले?"

सांगितलं.

"हं," आत्या म्हणाली. "पत्रक राहू दे. सलीमला फोन लाव."

आज सकाळी पहारी एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला, खण्. बाहेर गेले. बांबूंचा ट्रक मोठ्या रस्त्यावर उभा होता, पोरं पहारी घेऊन आत आली होती, आणि गल्लीच्या मधोमध, बरोबर मंडपाच्या जागी, सलीमभाईंची रिक्षा उभी होती. आत आत्या. अंगावर शाल, उजवा हात मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवलेला. आज डायलिसिसचा वार नाही.

नाना आले. "आत्या, कुठं निघालात सकाळी-सकाळी?"

"कुठंच नाही."

"मग गाडी जरा बाजूला घेऊ द्या की. पोरं खोळंबलीत."

"खड्डे घ्या ना. आजूबाजूला घ्या. रिक्षा निघाली की जेवढी जागा उरेल ती रिक्षाची. बाकी अवकाश तुमचं."

"अहो, असं कसं..."

"पुढचं बोला," आत्या म्हणाली. खिडकीतला आवाज. मी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. नानांच्या मागे उभी असलेली पोरं, अंगवळणी पडल्यासारखी, आपोआप एकामागे एक रांगेत सरकली.

सलीमभाई पेपर वाचत होते. नाना त्यांच्याकडे वळले, "तू तरी समजव, किती वेळ थांबणार?" सलीमभाईंनी खांदे उडवले. पॅसेंजर मागे बसलंय, मी काय बोलणार.

ऋषी सगळ्यांत शेवटी आला. त्याने रिक्षाकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, मग एका पोराच्या हातातली पहार घेतली, रिक्षाच्या आरशापासून हातभर अंतर सोडलं, आणि पहिला घाव घातला.

बूस्टर मावणार नाहीत हे नानांना माझ्याइतकंच दिसत होतं. अजून सात खड्डे बाकी आहेत, दुपारपर्यंत काहीही होऊ शकतं, ऋषीला बाजूला घेऊन समजावणं चालू आहे. मी हे पायरीवर बसून लिहितेय. आत्याला चहा आणू का विचारलं तर म्हणाली, अर्धाच आण, पाण्याचं माप आहे मला.

मीटर चालू आहे.